एक पान छापण्याची कृती: युनिक्सवरच्या नवशिक्यांसाठी

ज्यांना युनिक्सवरून एक पान छापायचे आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना ते आजच छापायचे आहे, त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवावी, दुकानदार मान वर न करता ‘किती कॉपी?’ विचारेल, सुटे पैसे द्यावेत आणि विषय संपवावा. बाकीच्यांनी पुढे वाचावे.

साहित्य: प्रिंटर, त्याची केबल किंवा आयपी पत्ता, ए४ कागदाचे एक रिम, रूटचा पासवर्ड, आणि तो पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याशी बरे संबंध. आदेश इथे देवनागरीत दिले आहेत. टंकताना ते रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत टंकावेत. मोठ्या अक्षरांत टंकलेत तर युनिक्स ओळखही दाखवणार नाही.

थोडा इतिहास, कारण उपयोग नसला तरी धीर येतो

युनिक्सला घर मिळाले ते छपाईच्या नावावर. १९७० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना नवा पीडीपी-११ संगणक हवा होता. ‘मल्टिक्स’ प्रकल्पात हात पोळून घेतलेल्या वरिष्ठांपुढे ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ हे शब्द काढायची सोय नव्हती. म्हणून मागणी अशी केली गेली की आम्ही मजकूर लिहिण्याची आणि नीट मांडून छापण्याची यंत्रणा बनवतो. यंत्र आले, आणि १९७१ मध्ये कंपनीच्या पेटंट विभागातले टायपिस्ट युनिक्सवर पेटंटचे अर्ज टंकू लागले. तेव्हा छपाई हे या प्रणालीचे सगळ्यात सोपे काम असणार, अशी समजूत नवशिक्याने खुशाल करून घ्यावी. ती पहिल्या पायरीपर्यंत टिकते.

त्या काळाची एक खूण आजही तुमच्या यंत्रावर आहे. पासवर्ड फाइलीतल्या पाचव्या रकान्याला ‘जीकॉस’ म्हणतात. बेल लॅब्जमधली काही युनिक्स यंत्रे आपली छपाईची कामे जीकॉस प्रणालीच्या एका यंत्राकडे पाठवत आणि तिकडच्या खात्याची ओळख या रकान्यात ठेवत. ते यंत्र गेले, ती सोयही गेली. रकाना राहिला, आणि आता त्यात तुमचे पूर्ण नाव असते. म्हणजे नुसते खाते उघडले तरी माणूस कोणाच्या तरी प्रिंटरच्या रांगेत लागलेला असतो.

पहिली पायरी: प्रिंटरशी थेट बोलू नका

युनिक्समध्ये सगळे काही फाइल असते, प्रिंटरसुद्धा. त्यामुळे ‘कॅट’ आदेशाने आपला मजकूर थेट /डेव्ह/एलपी० मध्ये ओतता येतो, आणि पान निघतेही. निघाले म्हणून हुरळून जाऊ नका. प्रिंटर संगणकापेक्षा फार मंद असतो. दोनशे पानांचा अहवाल ओतलात तर शेवटचे पान आत जाईपर्यंत तुमचे टर्मिनल अडकून राहते. दरम्यान दुसऱ्या कोणी छापायला घेतले तर त्याला ‘उपकरण व्यग्र आहे’ एवढेच उत्तर मिळते. तो पुन्हा बघतो, आणखी एकदा बघतो, आणि मग उठून तुमच्या टेबलापाशी येतो.

म्हणून स्पूल. ज्यांनी पिठाची गिरणी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. गहू घेऊन गेलेला माणूस तिथे बसून राहत नाही. डबा ठेवतो, चिठ्ठी लावतो आणि घरी जातो. गिरणीवाला एकेक डबा उचलतो. इथे तुमच्या फाइलीची नक्कल /व्हार/स्पूलखालच्या एका डिरेक्टरीत जाऊन बसते, तिचे नाव ‘डीएफ’ने सुरू होते; तो डबा. तिच्याशेजारी ‘सीएफ’ने सुरू होणारी एक लहानशी फाइल असते: काम कोणाचे, कोणत्या यंत्रावरून आले, कसे छापायचे. ती चिठ्ठी. ‘एलपीडी’ नावाचा डीमन म्हणजे गिरणीवाला, आणि ‘एलपीआर’ हा आदेश फक्त डबा ठेवून येतो. प्रिंट दिली आणि प्रिंट निघाली या दोन वेगळ्या घटना आहेत. तुमची पुढची दुपार या दोहोंच्या मध्ये जाणार आहे.

एलपीआर फाइलीची नक्कल ठेवतो, त्यामुळे आदेश दिल्यावर मूळ फाइल पुसली तरी चालते. पण त्याला ‘-एस’ हा पर्याय दिलात तर नक्कल न करता तो नुसता दुवा ठेवून येतो. प्रचंड फाइलींसाठी हे बरे पडते. मात्र काम रांगेत असताना तुम्हाला एखादी चूक दिसली आणि तुम्ही ती सुधारायला घेतलीत, तर नेमकी कोणती आवृत्ती कागदावर उतरेल हे तुमच्या आणि डीमनच्या वेगावर अवलंबून राहील.

दुसरी पायरी: घराणे ओळखा

युनिक्सची दोन मोठी घराणी आहेत. बर्कलीच्या घराण्यात एलपीआरने काम देतात, एलपीक्यूने रांग बघतात आणि एलपीआरएमने काम काढून टाकतात. सिस्टीम फाइव्हच्या घराण्यात एलपीने देतात, एलपीस्टॅटने बघतात, कॅन्सलने रद्द करतात. आजच्या बहुतेक यंत्रांवर दोन्ही चालतात, कारण नंतर आलेल्यांनी कोणालाच दुखवायचे नाही असे ठरवले. ऑफिसात तुमच्या मदतीला जो धावून येईल तो हमखास दुसऱ्या घराण्याचा असेल.

तिसरी पायरी: प्रिंटकॅप

बर्कलीवाल्यांच्या प्रिंटरची सगळी माहिती /इटीसी/प्रिंटकॅप या फाइलीत असते. ही रचना ४.२ बीएसडीबरोबर, म्हणजे १९८३ मध्ये आली. नमुना असा:

एलपी|लेझर|दुसऱ्या मजल्यावरचा:\
:एलपी=/डेव्ह/एलपी०:\
:एसडी=/व्हार/स्पूल/लेझर:\
:एलएफ=/व्हार/लॉग/एलपीडी-एरर्स:\
:एसएच:एमएक्स#०:

पहिल्या ओळीत प्रिंटरची नावे, उभ्या रेघांनी तोडलेली. त्यातले ‘एलपी’ म्हणजे लाइन प्रिंटर: अख्खी ओळ एका दमात आपटणारे ते अवजड यंत्र. कामासोबत प्रिंटरचे नाव दिले नाही तर ते काम ‘एलपी’कडे जाते, मग तुमच्याकडे लेझर असो की शाईचा. पुढचे गुण दोन-दोन अक्षरांचे आहेत; तिसरे अक्षर परवडत नसावे. मजकूर द्यायचा तर बरोबरचे चिन्ह, आकडा द्यायचा तर हॅश, आणि काहीच द्यायचे नसेल तर नुसते नाव लिहून गप्प बसायचे.

‘एसडी’ म्हणजे डबे ठेवायची जागा. ती लिहिली म्हणून तयार होत नाही. डिरेक्टरी तुम्ही बनवायची आणि तिची मालकी डीमनला द्यायची. ‘एसएच’ लिहिले नाही तर प्रत्येक कामाच्या आधी एक जादा पान निघते, त्यावर तुमचे नाव मोठ्या अक्षरांत असते. जिथे शंभर जणांची कामे एकाच ढिगात पडत तिथे या पानाला अर्थ होता. घरच्या प्रिंटरवर एका पानाच्या अर्जासाठी एक पान आपल्याच नावाचे काढणे ही हौस झाली.

‘एमएक्स’ ही फाइलीच्या आकाराची मर्यादा आहे. काही लिहिले नाही तर ती एक हजार ठोकळे धरली जाते, म्हणजे साधारण एक मेगाबाइट. तुमची फाइल त्याहून मोठी असली तर एलपीआर एक वाक्य कुरकुरतो आणि तेवढ्याच आकाराचा तुकडा रांगेत ठेवतो. काम नाकारत नाही, कापतो. गॅदरिंगचा ग्रुप फोटो पहिल्या रांगेच्या गळ्यापर्यंत आला तर प्रिंटरला दोष देऊ नका, ‘एमएक्स#०’ लिहा. शून्य म्हणजे इथे अमर्याद.

आता मुख्य गोष्ट. ओळीच्या शेवटी जी उलटी तिरपी रेघ आहे ती ‘नोंद पुढच्या ओळीवर चालू’ असे सांगते. तिच्यानंतर काहीही असता कामा नये, एक मोकळी जागासुद्धा नाही. जागा राहिली तर नोंद तिथेच संपते. डीमन तक्रार करत नाही. पुढचे गुण त्याला दिसत नाहीत, म्हणून तो स्वतःच्या मनातले गुण धरून कामाला लागतो. ही जागा पडद्यावर दिसत नाही आणि कागदावर छापून बघावी तर प्रिंटर बंद असतो. व्हीआयमध्ये ‘सेट लिस्ट’ द्या, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरचे चिन्ह उमटेल. तिरपी रेघ आणि डॉलर यांच्यामध्ये फट दिसली की गुन्हेगार सापडला.

चौथी पायरी: एलपीसी, म्हणजे बंद करण्याच्या चार तऱ्हा

इथे सावकाश वाचावे. ‘एलपीसी’ या आदेशाने रांगेच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात: डबे घेणे आणि दळणे. ‘डिसेबल’ म्हटले की नवे डबे घेणे बंद, पण आत आहेत ते दळून होतात. ‘स्टॉप’ म्हटले की हातातला डबा संपवून दळणे बंद, पण नवे डबे येतच राहतात. ‘डाउन’ म्हणजे दोन्ही बंद, वर एक पाटी लावायची सोय. एलपीक्यू केले की ती पाटी लोकांना दिसते. ‘अबॉर्ट’ म्हणजे हातातले तसेच टाकून तत्काळ बंद. उलट दिशेला ‘इनेबल’, ‘स्टार्ट’ आणि ‘अप’ आहेत. अबॉर्टचा विरुद्धार्थी आदेश नाही. त्यालाही स्टार्टच लागतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘प्रिंटर चालू केला’ असे सांगणाऱ्या माणसाने नेमके काय चालू केले ते विचारावे. त्याने बहुधा प्रिंटरचे बटण दाबलेले असते, ज्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही.

ही स्थिती डीमन लक्षात कशी ठेवतो? स्पूल डिरेक्टरीत ‘लॉक’ नावाची एक फाइल असते. तिच्यावर मालकाला ‘चालवण्याची’ परवानगी दिली की छपाई थांबते. गटाला ‘चालवण्याची’ परवानगी दिली की कामे घेणे थांबते. दोन बिट फुकट पडून होते, कोणीतरी ते वापरून टाकले. नवशिक्याने इथे थोडे थांबून पाणी प्यावे.

एलपीक्यू काय म्हणतो तेही शिकून घ्या. ‘एलपी तयार आहे आणि छापत आहे’ याचा अर्थ डीमनच्या समजुतीप्रमाणे तसे चालले आहे. ‘डीमन हजर नाही’ हे मात्र खरे असते. ‘एलपी तयार होण्याची वाट बघत आहे’ या संदेशाच्या शेवटी कंसात ‘ऑफलाइन?’ असते, प्रश्नचिन्हासकट. कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच प्रश्नचिन्ह घातले आहे, तेव्हा उत्तराची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

पाचवी पायरी: जिना

रांग लागली, डीमन उठला, पान निघाले. पहिली ओळ डावीकडून सुरू होते, दुसरी पहिली संपते तिथून, तिसरी आणखी उजवीकडून, आणि चौथी कागदाबाहेर. मजकूर जिना उतरून गेला. कारण साधे आहे: युनिक्स ओळीच्या शेवटी फक्त ‘खाली जा’ म्हणतो, प्रिंटरला ‘डावीकडे परत जा’ हेही वेगळे सांगावे लागते. टर्मिनलसाठी ही भर टर्मिनलचा चालक घालतो, प्रिंटरसाठी कोणी घालत नाही. उपाय म्हणून प्रिंटकॅपमध्ये ‘आयएफ’ या गुणाने एक गाळणी बसवतात. ती प्रत्येक ओळीला उरलेले अर्धे वाक्य जोडते, किंवा सुरुवातीलाच एक एस्केप-क्रम पाठवून प्रिंटरला हे समजावते. त्याच गाळणीत शेवटी ‘पान संपले’ हा संकेतही घाला. नाहीतर लेझर प्रिंटर अर्धे भरलेले पान पोटात ठेवून दिवा लुकलुकवत बसतो.

सहावी पायरी: तीनशे पाने कोड

१९८० च्या दशकात अडोबीची पोस्टस्क्रिप्ट आली, १९८५ मध्ये अॅपलचा लेझररायटर ती घेऊन आला, आणि छपाई सुंदर झाली. पोस्टस्क्रिप्ट हा मजकूर नसून कार्यक्रम असतो. प्रिंटर तो चालवतो आणि पान काढतो. ज्या प्रिंटरला ती भाषा येत नाही त्याच्यासाठी पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये घोस्टस्क्रिप्ट लिहिले, ते हे काम संगणकावरच उरकते. सगळे ठीक. फक्त आलेली फाइल मजकूर आहे की पोस्टस्क्रिप्ट, हे गाळणीने ओळखायला हवे. पोस्टस्क्रिप्टची फाइल टक्केवारीच्या आणि उद्गाराच्या चिन्हाने सुरू होते. ती दोन चिन्हे हुकली की गाळणी तिला निबंध समजते आणि तुमच्या चार ओळींच्या रजेच्या अर्जाऐवजी त्या अर्जाचा कार्यक्रम छापू लागते, पानामागून पान.

अशा वेळी प्रिंटरची वीज घालवू नये. काम अजून रांगेत आहे. प्रिंटर पुन्हा चालू होताच डीमन इमानदारीने पहिल्या पानापासून सुरुवात करील. आधी कागदाचा ट्रे ओढा, मग जागेवर येऊन एलपीआरएमने काम काढा, मग वीज बंद-चालू करा म्हणजे प्रिंटरच्या पोटातले उरलेलेही जाईल. कोडची पाने पाठकोरी वापरता येतात. आमच्या ऑफिसात त्यावर बरीच वर्षे चहाचा हिशेब लिहिला जात होता.

ओळखण्यातली चूक किती पुढे जाऊ शकते याचा दाखला उबुंटू लिनक्सच्या दोषनोंदींत आहे. २००८-०९ च्या सुमारास एका गृहस्थाच्या पत्नीने तक्रार केली की ओपनऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही. अशी तक्रार आपल्याकडे कोणी केली असती तर लोकांनी आधी उपवास विचारला असता. तपास झाला आणि बाई बरोबर निघाल्या. छपाईच्या वाटेवरचा एक तुकडा फाइलीची जात ‘फाइल’ नावाच्या आदेशाला विचारायचा. तो आदेश सुरुवातीचे काही बाइट तक्त्याशी ताडून उत्तर देतो. त्या तक्त्यात अर्लांग भाषेच्या एका जुन्या फाइलप्रकाराची खूण म्हणून एक तारीख होती, ती चुकीने लिहिल्यामुळे खूण म्हणून फक्त मंगळवारच्या रोमन नावाची पहिली तीन अक्षरे उरली होती. पोस्टस्क्रिप्टच्या माथ्यावर छापल्याचा वार असतो. सोमवारी ती पोस्टस्क्रिप्ट असे, मंगळवारी अर्लांग, बुधवारी पुन्हा पोस्टस्क्रिप्ट. तेव्हा छपाई का होत नाही याची नोंद ठेवताना वारही लिहावा.

प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर असल्यास

एलपीडी नेटवर्कवरूनही कामे घेतो, ५१५ क्रमांकाच्या पोर्टवर. १९९० मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात हा व्यवहार लिहून काढला गेला. त्यात म्हटले आहे की काम पाठवणाऱ्याने स्वतःच्या बाजूचा पोर्ट ७२१ ते ७३१ यांतलाच वापरावा. अकरा पोर्ट. महिनाअखेरीला पगारपत्रके धडाधड पाठवणाऱ्या ऑफिसला ते पुरत नाहीत, आणि ‘पोर्ट शिल्लक नाही’ हे उत्तर बघून अकाउंट्सवाले प्रिंटरकडेच रागाने बघतात.

दूरच्या प्रिंटरचा खरा त्रास मात्र पोर्टचा नसतो. कागद अडकलेला असतो आणि ते कोणाला माहीत नसते. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी यावर तोड काढली होती: कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांना निरोप जाई, म्हणजे कोणीतरी उठे. १९८० च्या सुमारास तिथे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, तोही बहुतेकांच्या मजल्यावर नाही. त्याच्या कार्यक्रमाचा मूळ कोड मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने ‘शब्द दिला आहे’ म्हणून हात वर केले. स्टॉलमन यांच्या मनात जी ठिणगी पडली ती १९८३ च्या सप्टेंबरमध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा होऊन बाहेर आली. जिन्याने एक मजला चढून येण्याचा कंटाळा जगाच्या इतका कामी क्वचितच आला असेल. नवशिक्याने मात्र चढून जावे.

सातवी पायरी: आता वरचे सगळे विसरा

मायकल स्वीट यांनी १९९७ मध्ये ‘कप्स’ हे छपाईचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले, १९९९ मध्ये ते लोकांसमोर आले. अॅपलने ते मॅकमध्ये घेतले, २००७ मध्ये त्याचा कोड विकत घेतला आणि स्वीट यांनाही कामावर घेतले. आज तुमच्या लिनक्सवर किंवा मॅकवर छापते ते बहुधा कप्सच. यात प्रिंटकॅप हाताने लिहायची नाही. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ लिहा, एक पान उघडेल, त्यावर ‘प्रिंटर जोडा’ असे बटण आहे. सोपे आहे असे वाटत असेल तर एरिक रेमंड यांची आठवण ठेवा. खुल्या सॉफ्टवेअरचा हा कट्टर पुरस्कर्ता २००४ मध्ये घरातल्याच दुसऱ्या संगणकाचा प्रिंटर कप्सला जोडायला बसला आणि उठला तो याच विषयावर एक संतप्त निबंध लिहून.

आदेशाने जोडायचा असेल तर ‘एलपीअॅडमिन’ आहे. ‘-पी’ पुढे प्रिंटरचे नाव, ‘-व्ही’ पुढे पत्ता, ‘-एम एव्हरीव्हेअर’ म्हणजे वेगळा ड्रायव्हर नको, प्रिंटरलाच विचार. नवे नेटवर्क प्रिंटर याला चांगले उत्तर देतात. आणि ‘-ई’, हे एक मात्र मोठ्या अक्षरात. हा पर्याय ‘-पी’च्या नंतर दिला तर अर्थ होतो ‘प्रिंटर चालू करा, कामे घ्या’. आधी दिला तर अर्थ होतो ‘सर्व्हरशी कूटबद्ध बोला’. आधी दिलात तर बोलणे अगदी गुप्त होईल आणि प्रिंटर बंद राहील. काही माणसे दोन्हीकडे देतात, आणि त्यांचे चुकत नाही.

बंद प्रिंटर उठवायला ‘कप्सइनेबल’ म्हणावे. सिस्टीम फाइव्हमधला नुसता ‘इनेबल’ इथे चालत नाही, कारण तोवर बॅश शेलने ते नाव उचलले होते. ‘इनेबल लेझर’ टंकलेत तर बॅश शांतपणे सांगेल की लेझर नावाचा अंगभूत आदेश त्याच्याकडे नाही.

आता ते दृश्य, जे प्रत्येक ऑफिसात घडते. कप्सचे मूळ धोरण ‘स्टॉप-प्रिंटर’ आहे: छापताना अडचण आली की रांग थांबवायची. झाडताना कोणाच्या पायाने केबल निघते. छपाई फसते, रांग थांबते. केबल परत लावली जाते, पण रांग थांबलेलीच राहते, कारण तिला ऊठ असे कोणी म्हटलेले नाही. डबे घेणे मात्र चालू असते. पहिला माणूस प्रिंट देतो, पान येत नाही, तो पुन्हा देतो. मग शेजारच्याला ‘तुझ्याकडून देऊन बघ’ म्हणतो. दुपारपर्यंत एका परिपत्रकाच्या चाळीसेक प्रती साठतात. चारच्या सुमारास तुम्ही येता, कप्सइनेबल म्हणता, आणि मग सगळे जण प्रिंटर बिघडला म्हणून तुमच्याकडे बघतात. ‘एरर-पॉलिसी’ बदलून ‘रिट्राय-जॉब’ ठेवावी. उत्सुकता असेल तर /व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग वाचावा. तपशील डीबगपर्यंत वाढवलात तर एका पानाच्या छपाईचे वर्णन पुष्कळ पानांचे होते. ते छापू नये.

सुरक्षेबद्दल एकच सूचना: नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणारा ‘कप्स-ब्राउज्ड’ हा कार्यक्रम ६३१ वर कान देऊन बसायचा, आणि ‘मी प्रिंटर आहे’ असे कोणीही म्हटले तरी त्यावर विश्वास ठेवायचा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सिमोने मार्गारितेली यांनी त्यातून परका माणूस तुमच्या यंत्रावर आपला आदेश कसा चालवू शकतो ते दाखवले. गरज नसेल तर तो बंद ठेवा.

कागद आणि मराठी

आपल्याकडचा कागद ए४, २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेतला ‘लेटर’ त्याहून जरा रुंद आणि आखूड. सॉफ्टवेअर बहुधा अमेरिकेच्या सवयीने येते, त्यामुळे ट्रे ए४ने काठोकाठ भरलेला असतानाही प्रिंटर कागद मागत राहतो. एचपीच्या जुन्या लेझरजेटवर तेव्हा ‘पीसी लोड लेटर’ असे झळके. यातला पीसी म्हणजे संगणक नव्हे, कागदाचा ट्रे. डेबियनवर /इटीसी/पेपरसाइझ या फाइलीत ए४ लिहावे. मग कप्समध्ये लिहावे. मग ज्या अॅपमधून छापता तिथे. मग प्रिंटरच्या स्वतःच्या मेन्यूत. चौघांचे एकमत झाले की पान निघते.

मराठी मजकुराची साधी फाइल जुन्या वाटेने, ‘एनस्क्रिप्ट’मधून छापून बघण्याचा मोह होईल. त्याला युनिकोड कळत नाही. ‘म’ या एका अक्षराचे युटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात. तो ते तीन वेगळी अक्षरे समजतो आणि ‘म’च्या जागी उलट्या तिरप्या रेघेची टोपी घातलेला रोमन ए, चलनाचे चिन्ह आणि नोंदणीकृत ट्रेडमार्कचे वर्तुळ छापतो. मराठीच्या पहिल्याच अक्षरावर कोणीतरी व्यापारी हक्क सांगितल्यासारखे दिसते. बाइट बरोबर ओळखले तरी काम संपत नाही: ‘कि’मधली वेलांटी फाइलीत ‘क’नंतर असते आणि कागदावर आधी यायला हवी, जोडाक्षरे जुळायला हवीत. ‘पॅप्स’ हा कार्यक्रम हे पँगो या अक्षरमांडणीच्या लायब्ररीकडून करून घेतो. किंवा पीडीएफ करा, फाँट आत बसवून, आणि ती छापा. प्रिंटरला मराठी येण्याची मग गरज उरत नाही. त्याला ती कधी येतही नव्हती.

आग लागल्यास

लिनक्सवर समांतर पोर्टचा प्रिंटर असेल तर एखाद्या दिवशी नोंदींत ‘एलपी० ऑन फायर’, म्हणजे प्रिंटरला आग लागली आहे, असे वाक्य दिसेल. घाबरू नये. प्रिंटर ‘माझे काहीतरी बिघडले आहे’ म्हणतो, पण कागद संपल्याचेही सांगत नाही आणि ऑफलाइन असल्याचेही सांगत नाही, तेव्हा कर्नल हा निष्कर्ष काढतो. बहुधा केबल सैल असते. तरी प्रिंटरपाशी जाऊन एकदा वास घ्यावा. आग खरोखरच असेल तर एलपीसीमध्ये ‘अबॉर्ट’ द्यावा. ‘स्टॉप’ दिलात तर डीमन आधी हातातले काम पूर्ण करील.